तेरावी शिरी

“लखा, धोंडा नीट बांध. एक जरी वर तरंगली ना, तर तुझ्याच अंगावर टाकीन.”

लखा मान खाली घालून बसला होता. विहिरीच्या कडेला बाभळीच्या शिऱ्या रचून ठेवल्या होत्या. शिरी म्हणजे काट्यांनी भरलेली अख्खी फांदी, कुंपणाला घालतात ती. माणसाच्या उंचीच्या, बोटाबोटाएवढ्या पांढऱ्या काट्यांच्या बारा शिऱ्या आदल्या दिवशी मीच त्याच्या मागं उभी राहून तोडून घेतल्या होत्या. आता एकेकीला नायलॉनच्या दोरीनं धोंडा बांधायचा आणि पाण्यात सोडून द्यायची, एवढंच काम. पण तो उजाडल्यापासून एकाच गाठीशी खेळत होता.

“थोरल्या बाई,” तो म्हणाला, “ह्या हिरीत शिरी नगं.”

“का?”

“नगं म्हंतो.”

“नगं म्हणायला तू कोण? हीर माझी, बाभळ माझी, तुझ्या हातातला धोंडासुद्धा माझ्या बांधावरचा.”

“तसं न्हवं, बाई. मी काय म्हंतो, ह्या हिरीत...”

“सर्ज्याची साखळी कुठं घातलीस ते आधी सांग. मग मला शहाणपण शिकव.”

त्याचं तोंड मिटलं.

सर्ज्या हा माझ्या माहेरचा बैल. माझ्या बापानं तो पाठवला तेव्हा त्याच्या गळ्यात आमच्या लोहारानं घडवलेली साखळी होती. लोखंडी, आणि मध्ये दोन पितळी कड्या. अशी साखळी पंचक्रोशीत कुणाच्या गोठ्यात नव्हती. वीस वर्षांपूर्वी ती गोठ्यातनं नाहीशी झाली. गोठ्यात लखाशिवाय कुणाचा वावर नव्हता. मी त्याला चार माणसांत विचारलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, नुसता मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, तोंडाकडं बघत राहिला. बैल त्याच्याशिवाय कुणाला आवरत नव्हते म्हणून मी त्याला हाकललं नाही. पण तो जास्ती बोलायला लागला की मी साखळीचं काढायची. गोठ्यातनं गेली खरी, पण लखाला तिनं वीस वर्षं बांधून ठेवलं.

त्यानं गाठ मारली. पहिली शिरी उचलून पाण्यावर सोडली. ती क्षणभर पसरून राहिली, मग धोंड्यानं तिला खाली ओढली. चार बुडबुडे आले. एकामागनं एक बारा गेल्या. मी वाकून बघितलं. पाण्यात आभाळ दिसत होतं, बाकी काही नाही.

“आता या म्हणावं पोहायला,” मी म्हणाले.

लखानं हात धोतराला पुसले आणि खालच्या रानात पाणी धरायला निघून गेला.

ही आमची विहीर गावापासून मैलभरावर, मळ्यात. काळ्या दगडात बांधलेली, ऐसपैस. एका अंगाला पायऱ्या, समोरच्या अंगाला थारोळं, म्हणजे मोट होती तेव्हा तिचं पाणी ओतायचा उंच दगडी कट्टा. आमच्या खटावात विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवतात. ही बहात्तरच्या दुष्काळातही आटली नाही. तिचा तळ कुणी बघितलेला नव्हता. माझी सासू म्हणायची, न आटणारं पाणी फुकट मिळत नाही गं बाई, ते कधी ना कधी मागून घेतं.

माझ्याकडनं तिनं माझा धाकटा मागून घेतला. हणमंता. सतरा वर्षांचा. भर दुपारी थारोळ्यावरनं उडी टाकली आणि वर आलाच नाही. लखानं आणि आणखी दोघांनी त्याला काढला. मी पोचले तेव्हा त्याला मानेपर्यंत धोतरात गुंडाळलेलं होतं. चेहरा तेवढा उघडा. मी धोतराला हात घातला तर मालकांनी माझं मनगट धरलं. “बघू नको. दगडांनी खरचटलंय.” मी बघितलं नाही.

तेव्हापासून दर अमावस्येला मी त्या विहिरीला दहीभात आणि नारळ देत आले. मालक कधी बरोबर आले नाहीत. मळ्याचं नावच टाकलं त्यांनी. घरात बसून भिंतीकडं बघायचे. चार वर्षांनी गेले.

विहिरीत कुणी उतरायचं नाही, असं मी गावाला बजावून ठेवलं होतं. पण त्या उन्हाळ्यात सुट्टी लागली आणि गावची पोरं टळटळीत दुपारी चोरून यायला लागली. थारोळ्यावरनं गुडघे पोटाशी घेऊन धबाधब उड्या टाकायची. मी काठी घेऊन जाईपर्यंत पळालेली असायची. आदल्या सकाळी मी पायऱ्यांवर चिखल वाळलेला बघितला. एक पाऊल उमटलेलं, आणि त्याच्या शेजारून काहीतरी ओढत नेल्याची रेघ. एक पाऊल, एक रेघ. एक पाऊल, एक रेघ. मी म्हटलं, पोरं पाठीला बांधायचा भोपळा दोरीनं ओढत नेतात वाटतं. आता बारकी पोरंसुद्धा यायला लागली. विहीर पुन्हा कुणाचं तरी लेकरू मागणार, आणि त्याची आई माझ्या दारात येऊन ऊर बडवणार. त्याच पावली मी लखाला कुऱ्हाड घ्यायला लावली. काटे टाकल्याचं गावात कळलं की एकही पोरगं फिरकणार नाही, असा माझा हिशोब.

ती रेघ मी वाकून दोनदा बघितली होती. हे सांगून ठेवते.

मळ्यातनं घरी येताना वाटेत आमची गाडी भेटली. सून कुसुम बैल हाकत होती आणि मागं पेंढ्यावर माझी नात बसली होती. वैजयंता. थोरल्याची मुलगी. थोरला मिलिटरीत, तो वर्षातनं दोन महिने घरी. वैजी दीड वर्षाची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण काडीसारखा. चौदा वर्षांची झाली होती, काखेत कुबडी घेऊन चालायची. तिला कुणी लंगडी म्हटलं तर त्याच्या सात पिढ्या मी रस्त्यावर आणायची. शाळेत जाऊन सांगून आले होते, हिला कवायतीला उभी करायची नाही. घरात पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हते. सुट्टीत ती घरी एकटी नको म्हणून आईबरोबर मळ्यात जायची, आंब्याखाली बसून कांदे राखायची. मी नेमून दिलेलं तेवढं एकच काम.

“आज्जे,” तिनं गाडीतनं हाक मारली, “सकाळसकाळी हिरीकडं गेलतीस व्हय?”

“तुला काय करायचंय? सावलीत बस. आणि ऊन लागलं तर आईला सांग, उगं शहाणपणा नको.”

“बरं,” ती म्हणाली आणि आईकडं बघून हसली. कुसुम हसली नाही, तिनं बैलांना चुचकारलं. गाडी वळणाआड गेली.

घरी येऊन मी हातपाय धुतले. चहाचं आधण ठेवतेय तोवर दारात लुना थांबली. हायस्कुलातले मुळीक मास्तर. खेळ शिकवायचे. उंच, बारीक, गळ्यात दोरीला काळ्या डबीसारखं घड्याळ.

“नमस्कार, थोरल्या बाई. बसू का?”

“बसा की. सुट्टीत कुठं वाट चुकला?”

त्यांनी पिशवीतनं एक कागद काढला आणि मांडीवर दोनदा सरळ केला. “ह्याच्यावर पालकाची सही पाहिजे. साहेब मिलिटरीत, म्हणून तुमच्याकडं आलो.”

“कसला कागद?”

“पुण्याला राज्याच्या स्पर्धा आहेत. अपंग मुलांच्या. आपल्या वैजयंताचं नाव द्यायचंय.”

“तिथं काय करणार ती? कुबडी फेकायची शर्यत आहे का?”

“नाही. पोहायची.”

मी आधण उतरवलं. “मास्तर, मी दोन इयत्ता शिकलीय, पण थट्टा कळते मला. पोरीला धड चालता येत नाही.”

“चालता येत नाही, बाई. पण पोहायला लागली की तालुक्यात तिला गाठणारं पोरगं नाही. मी चार महिने घड्याळ लावून बघतोय. सुतळीनं अंतर मोजलंय. पंचवीस फेऱ्या मारते, दम लागत नाही. बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन येते.”

“तळाची?”

“हो. मीही आधी खोटं समजलो. मग माती दाखवली तिनं. काळी, शाडूसारखी मऊ.”

“मास्तर,” मी विचारलं, “ही एवढी पोहती ती कुठं?”

ते खाली बघायला लागले. “तुमच्याच विहिरीत. मी तिला म्हणत होतो, आजीला सांग. ती म्हणायची, आजीला कळलं तर विहीर बुजवील. कुसुमताईही म्हणाल्या, राहू दे, निवड झाल्यावर सांगू. घरात तुम्हाला सगळेच...”

“कधी उतरती?”

“अं?”

“पाण्यात कधी उतरती, मास्तर? तोंड उघडा!”

“रोज साडेदहा-अकराला. पोरं यायच्या आधी.”

“आता किती वाजले?”

त्यांनी गळ्यातलं घड्याळ सोडून मनगटावरचं बघितलं. “अकरा.”

मला आठवतं ते एवढंच, की मी अनवाणी होते आणि लुनाच्या मागं पुरुषासारखी दोन्हीकडं पाय टाकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा. वाटेत गावच्या बायका बघत राहिल्या. मास्तर विचारत होते, काय झालं, काय झालं. मी त्यांच्या पाठीत बुक्की मारली. “हाका! विचारू नका, हाका!” सगळी वाट मला ती रेघ दिसत होती. एक पाऊल, एक रेघ.

आंब्याखाली कांद्याची रास होती. तिथं कुणी नव्हतं. कुसुम लांब भुईमुगात खुरपत होती. लुनाचा आवाज ऐकून तिनं डोळ्यांवर हात धरला, मला बघितलं आणि खुरपं टाकून पळत सुटली.

विहिरीच्या वरच्या पायरीला कुबडी टेकवून ठेवली होती. तिच्यावर घडी घातलेला टॉवेल. घडी अगदी नीट.

पाणी काळं आणि सपाट होतं. मध्येच एक बारीक वर्तुळ उठलं आणि भिंतीपर्यंत जाऊन मोडलं.

“वैजे!”

विहिरीनं माझाच आवाज मला परत दिला.

मास्तर अंगातला शर्ट काढायला लागले. “शर्ट असू दे,” मी म्हणाले. “खाली काटे आहेत.”

“कसले काटे?”

“बाभळीचे. मी टाकलेत. आज सकाळी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तसं माझ्याकडं तोवर कुणी बघितलेलं नव्हतं. ते दुसरीकडं बघेपर्यंत मी पायऱ्या उतरायला लागले. मला पोहता येत नाही. लुगडं पाण्याला लागलं, मग पोटऱ्या, मग गुडघे. पायरी शेवाळलेली. मी भिंतीच्या खाचेत बोटं घातली आणि आणखी एक पायरी उतरले.

पाणी फुटलं. पण वर आलं ते माणूस नव्हतं. बाभळीची शिरी वर आली, काट्यांना चिखल लागलेली, धोंड्याची दोरी तुटलेली. ती हलत हलत माझ्याकडं यायला लागली. तिच्यामागं एक हात होता. मग डोकं. वैजीनं तोंडातलं पाणी थुंकलं आणि केस मागं सारले. कपाळावर तिरपा ओरखडा, खांद्यावर रक्त पाण्याबरोबर पातळ होऊन चाललेलं.

“आज्जे,” ती धापा टाकत म्हणाली, “तू वर जा. पाण्यात काटं हायती. कुणीतरी मुद्दाम टाकल्यात.”

कुसुम वरून ओरडत होती. मास्तर ओरडत होते, बाहेर ये, बाहेर ये. वैजीनं शिरी पायरीवर ढकलली. तिथं आधीच पाच रचून ठेवल्या होत्या. मी त्या बघितल्याच नव्हत्या.

“लागलं किती?” मी विचारलं.

“पहिल्यांदा अडकले तेवढंच. पाय गुतला. डावा.” तिनं पायरीला हात टेकून श्वास घेतला. “दोन काट्यांच्या बेचक्यात गेला. उजवा असता तर निघालाच नसता. ह्याच्यात कुठं मांस हाय? काडी हाय म्हणून निसटली.” आणि हसली. तेवढ्या रक्तात हसली ती. “किती टाकल्यात कुणास ठाऊक. सहा काढल्या.”

“बारा आहेत,” मी म्हणाले.

ती हसायची थांबली.

“तुला गं कसं ठावं?”

मी पायरीवरच्या शिऱ्यांकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग ओल्या हातानं कपाळ पुसलं. “पोरं साडेबाराला येत्यात,” ती म्हणाली. “थारोळ्यावरनं उड्या टाकत्यात, आज्जे. मी पायऱ्यांनी उतरते म्हणून वाचले. वरनं जो पडंल तो सरळ काट्यांत.”

“पोरांना मी बघते. मास्तर उभे राहतील थारोळ्यावर. तू बाहेर ये. लखा काढील काय ते.”

“लखाकाका हिरीच्या पाण्याला शिवत बी न्हाई. ह्या गावात तळ गाठणारं माझ्याबिगर हाय कोण? सांग की एक नाव.”

तिचा आवाज माझाच होता. मान तिरपी करून बोलायची ती तऱ्हासुद्धा. मी म्हणाले, “वैजे, ही हीर बरी नाही. तुझ्या काकाला...”

“हीर काय करत न्हाई, आज्जे. मी रोज तळाला जाते. तिथं मऊ माती हाय आणि गार हाय, एवढंच. वर सगळी मला उचलत्यात. आई उचलती, बाबा आलं की बाबा उचलत्यात, तू तर तांब्या बी उचलू देत न्हाईस. पाण्यात माझी मी हाय. आता ही घाण काढू दे मला. माझी हीर हाय ती.”

“तुझी?”

“मग कुणाची? तू कधी उतरलीस?”

मी मांडीपर्यंत पाण्यात उभी होते. तिनं बुडी मारली.

एकेक शिरी ती वर आणायची आणि मी हातानं ओढून पायरीवर घ्यायची. काटे माझ्या तळहातांत मोडले. ती खाली असली की मी श्वास धरायची. माझा संपायचा, तिचा संपायचा नाही. सात. आठ. नवव्याला फार वेळ लागला. मास्तर हातातल्या घड्याळाकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आली. दहा. अकरा. बाराव्याला तिचे ओठ निळे पडले होते.

“झालं,” मी हात पुढं केला. “ये.”

“अजून एक हाय.”

“बाराच होत्या. मी मोजून टाकल्यात.”

“मग मोजायला चुकलीस. तिकडं थारोळ्याच्या बुडाशी मातीत रुतलीय. हाताला लागली.”

मी नको म्हणेपर्यंत ती गेली.

ह्या वेळी पाणी इतकं निवलं की त्यात आभाळ पुन्हा दिसायला लागलं. आतल्या अंगानं काहीतरी घासल्याचा आवाज आला, दगडावर लोखंड घासतं तसा. कुसुम “वैजे, वैजे” असं पुटपुटत होती. मग थारोळ्याखाली बुडबुडे आले आणि ती वर आली, एका हातानं पाणी मारत, दुसऱ्या हातानं ओढत.

ती शिरी आमची नव्हती. काळीकुट्ट, कोळशासारखी, पाण्यानं गुळगुळीत झालेली. पानं नाहीत, साल नाही. काटे मात्र बाभळीचे. पाण्यातलं बाभळीचं लाकूड कुजत नाही, आणखी टणक होतं. दोन काट्यांना जुन्या कापडाच्या चिंध्या अडकलेल्या होत्या. आणि बुंध्याला धोंडा बांधायला दोरी वापरलेली नव्हती. साखळी होती. धोंडा कधीच निसटला होता, साखळी राहिली होती. गंजून लोखंडाचा लगदा झालेला. फक्त दोन कड्या पिवळ्या होत्या. मी अंगठ्यानं घासल्या. पितळ.

वैजीला थंडी वाजत होती. कुसुमनं तिला टॉवेलात घेतली. मी ती शिरी मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

लखा कधी आला ते कळलं नाही. वर बघितलं तर तो उभा होता, हातात फावडं.

“लखा,” मी म्हणाले, “ही साखळी सर्ज्याची.”

“व्हय.”

“तू टाकलीस?”

“न्हाई, बाई.”

“मग?”

त्यानं फावडं खाली ठेवलं. “मालकांनी. त्या साली बी पोरं येत हुती पोहायला. मालकांनी सांजच्याला एकल्यानं शिऱ्या टाकल्या. दोर पुरला न्हाई म्हणून साखळी घेतली. हणमंता गावाला गेलता, त्याला सांगायचं ऱ्हायलं. त्यो सकाळी आला आन् दुपारी...” त्यानं थारोळ्याकडं बघितलं. “बाकीच्या मी काढल्या. ही लई खाली गेलती.”

मला धोतर आठवलं. मानेपर्यंत गुंडाळलेलं.

“आणि तू वीस वर्षं गप बसलास.”

“मालकांनी बैलाच्या शिंगावर हात ठेवून शपथ घातली. म्हणालं, तिला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी प्यायची न्हाई.”

“ते मेले. त्यानंतर?”

लखा माझ्याकडं बघत होता. वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बघत होता.

“आज सकाळी सांगत हुतो, थोरल्या बाई. तोंड उघडलं हुतं. तुमी साखळीचं काढलं.”

पोरांचा गलका ऐकायला आला. बांधावरनं पाच-सहा जण येत होते, उघडीबंब, पाठीवर भोपळे. मास्तर थारोळ्यावर जाऊन हात पसरून उभे राहिले. पोरं मला बघून पळायच्या बेतात होती.

“थांबा रे,” मी ओरडले. “पळता कशाला? आज नाही. उद्या या. पायऱ्यांनी उतरायचं, आणि ही आधी तळ बघून येईल, मग.”

वैजीनं टॉवेलातनं मान बाहेर काढली. मी तिच्याकडं बघितलं नाही. मास्तरांना म्हणाले, “तो कागद आणलाय का?”

मी अंगठा देत नाही. मला सही येते. पण तळहातात काटे होते आणि पेन धरवेना, म्हणून माझं नाव तेवढं वाकडं आलंय त्या कागदावर.

लखाला मी त्या दिवसानंतर साखळीचं कधी बोलले नाही. तेव्हा ध्यानात आलं, की वीस वर्षांत आमच्यात दुसरं बोलणंच झालं नव्हतं. दोघं बांधावर बसायचो आणि काय बोलावं ते सुचायचं नाही. पुढच्या अमावस्येला मी दहीभात केला नाही. मालकांचा फोटो भिंतीवर होता, तो तसाच राहू दिला. फक्त त्याच्याकडं पाठ करून बसायला लागले, ती अजून बसते.

पंधरा दिवसांनी आम्ही पुण्याला गेलो. एवढं मोठं टाकं मी कधी बघितलं नव्हतं. निळं पाणी, दोऱ्या लावून केलेल्या वाटा, भोवती पांढऱ्या कपड्यातली माणसं शिट्ट्या घेऊन. कुणाला हात नाही, कुणाला पाय नाही, अशी लेकरं रांगेत बसलेली, आणि एकाच्याही चेहऱ्यावर बिचारेपणा नाही. वैजीचा नंबर पुकारला. तिनं कुबडी माझ्या हातात दिली आणि कठड्याला धरत धरत निघाली. मी तिच्या पुढं झाले. काठाकाठानं, वाकून, पाण्यात बघत चालायला लागले.

एक शिट्टीवाला धावत आला. “ओ आजी, मागं व्हा. इथं येता येत नाही.”

“तळ बघते.”

“तळाला काही नाही हो. फरशी आहे नुसती.”

“ते मी बघून ठरवीन. तुम्ही उतरून बघितलंय का?”

“आजी, सगळे थांबलेत...”

“थांबू देत. मी एकदा न बघता पोरगा दिलाय.”

तो बाजूला झाला. मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. फरशी मोजता येईल इतकं स्वच्छ पाणी होतं. कोपऱ्यात केसांचा एक चाप पडला होता, बाकी काही नाही. मी परत आले. वैजी एका पायावर उभी होती, हात मागं नेऊन, आणि पाण्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

“हं,” मी म्हणाले. “जा.”